हिरव्या दिव्याची अट

सोमवार

चादरी वाळत घातल्या आणि अर्ध्या तासात परत काढल्या. सगळ्यांना जळक्या लाकडाचा वास. डोंगरावरचं जंगल पेटलंय हे बातम्यांत ऐकत होतो, पण डोंगर इथून दूर आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर, म्हणून मी निवांत होते. आज धूर शहरात उतरला. समोरच्या बेकरीची पाटी दुपारी दिसेनाशी झाली. हे गॅलरीत उभे राहून म्हणाले, "तिकीट न काढता थंड हवेच्या ठिकाणी आलो की गं." मी म्हटलं, आत या आणि दार लावा, विनोद आतूनही करता येतात.

पुढच्या खोलीत हॉटेलच्या पडद्यांचा ढीग पडलाय. सगळे पुन्हा धुवावे लागणार. इतकी वर्षं पडदे शिवतेय, ऊन अडवणारे, थंडी अडवणारे, शेजाऱ्यांच्या नजरा अडवणारे. धूर अडवणारा पडदा आजवर कुणी मागितला नव्हता.

मंगळवार

वन्सं आल्या. राहायला.

त्यांचं घर बसच्या शेवटच्या थांब्यापाशी, डोंगराच्या अगदी पायथ्याला. सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. ती दार ठोठावून दमली, शेवटी जवळच्या किल्लीने आत गेली, तर वन्सं स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या, तोंडावर ओला टॉवेल. फोन समोरच्या टेबलावर होता, पण उठून घ्यायची ताकद नव्हती. हे तसेच घरच्या चपलांत धावले. दवाखान्यात वाफ आणि ऑक्सिजन दिला आणि संध्याकाळी इकडे घेऊन आले.

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. रेल्वे स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायच्या. अख्खं शहर त्यांच्या आवाजावर घड्याळ लावायचं. त्यांनी "गाडी उशिरा येत आहे" म्हटलं की लोक मुकाट बाकावर बसायचे. आज त्या आवाजाला दोन शब्दांमध्ये थांबावं लागत होतं.

पलंगावर बसता बसता म्हणाल्या, "हवा निवळली... की मी... माझ्या घरी."

मी म्हटलं, "हो, हो, अर्थातच."

जरा फारच लगेच म्हटलं की काय कोण जाणे. पण आमचं हे असंच आहे. लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातचा पहिला चहा पिऊन वन्सं म्हणाल्या होत्या, "बरा आहे." तो "बरा" अजून माझ्या घशात अडकलेला आहे. तेव्हापासून त्या वर्षातून दोनदा जेवायला येतात आणि चहाआधी उठतात. आता एका छपराखाली! देवा, आग लवकर विझू दे.

बुधवार

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. नाकीडोळी लहान मुलीसारख्या, पण बोलणं ठाम. म्हणाल्या, सगळं घर सांभाळायला जाऊ नका, एक खोली घट्ट बंद करा, त्यात हवा गाळायचं यंत्र लावा आणि आजींना तिथेच ठेवा. शिवाय एक चिमुकलं मोजणीचं यंत्र घ्यायला सांगितलं. हवा चांगली असली की त्यावर हिरवा दिवा, मध्यम असली की पिवळा, वाईट असली की लाल.

"खिडकी उघडी ठेवूनही दिवा दिवसभर हिरवा राहिला, की समजा हवा निवळली. मगच घरी जायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बारीक धूर दिसत नाही. आणि खरं सांगू का आजी, एकटीनं राहायचा विचारच आता..."

"हिरवा दिवा," वन्संनी त्यांना तिथेच तोडलं. "ठरलं. दिवसभर हिरवा, की मी निघाले."

डॉक्टरीणबाई जिन्यात मला हळूच म्हणाल्या की फुप्फुसं अशक्त आहेत, परत असं झालं आणि जवळ कुणी नसलं तर कठीण. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "ताईला 'राहा' म्हणणं म्हणजे तिला घरातून हाकलण्यासारखं आहे. त्याच दिवशी बॅग भरेल." खरंच आहे. आणि मी तरी कशाला म्हणू? त्यांना आमचा चहा बरा लागतो.

गुरुवार

आज मी माझी कला दाखवली. आमची मागची खोली वन्संना दिली आणि तिच्या खिडकीच्या फटीफटीत रबराची पट्टी बसवली, वरून चिकटपट्टी. दाराला दुपदरी पडदा, कडांना चिकटणारी पट्टी, खालच्या दुमडीत जड साखळी. उंबऱ्यासाठी कापडाची लांब नळी शिवून तिच्यात वाळू भरली. हे तिला अजगर म्हणतात. आत-बाहेर करणाऱ्याने अजगर सरकवायचा, पडदा लावायचा, अजगर परत ठेवायचा. यांनी पहिल्याच फेरीत त्याच्यावर पाय देऊन लोटांगण घातलं.

वन्सं पलंगावरून सगळं बघत होत्या. मी साखळी ओवत असताना म्हणाल्या, "टाका बारीक आहे तुझा." मी मान वर केली नाही. पण बारीक म्हणजे चांगला ना? चांगलाच असणार.

यांनी दोन्ही यंत्रं आणून लावली आणि दिवा संध्याकाळी हिरवा झाला. बाहेर अजून सगळं मळकट पिवळं.

शनिवार

घरात नियम झालेत. तळणं बंद, भाजणं बंद, मेणबत्ती बंद, झाडू बंद, फक्त ओल्या फडक्याने पुसायचं. जे शिजेल ते उकडून. बटाटे, अंडी, भाज्या, परत बटाटे. हे म्हणतात, घर नाही, रुग्णालयाचं उपाहारगृह झालंय. वन्सं मात्र काही न बोलता जेवतात. आज स्वतःहून अर्धा बटाटा जास्त घेतला.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं उठतं. त्यांची अंगाला लावायची पावडर. आंघोळ झाली की मानेला, हातांना, पाठीला थपाथप. सगळी खोली तान्ह्या बाळाच्या दुपट्यासारखी वास मारते. काही बोलले नाही. आजारी माणूस आहे.

दुपारी शिवण घेऊन त्यांच्याच खोलीत बसले, कारण बाहेर माझाही घसा खवखवतो. तेवढ्यासाठीच. त्यांनी स्टेशनवरच्या गोष्टी सांगितल्या. एकदा ध्वनिक्षेपक चालू राहिला आणि त्यांनी सहकाऱ्याला सांगितलेली साहेबांच्या केसांच्या टोपाची गंमत चारही फलाटांनी ऐकली. साहेब तेव्हा दुसऱ्या फलाटावर उभे होते. हसता हसता मला सुई बोचली. त्याही हसल्या, मग खोकल्या, मग परत हसल्या.

सोमवार

आजचं सगळं लिहितेच.

काल हवा गाळायचं यंत्र उघडून पाहिलं. आतली घड्याघड्यांची जाळी इतकी काळी की मला बघवेना. आयुष्यभर मळलेलं कापड दिसलं की मी ते बादलीत टाकलंय. टाकलं. कोमट पाणी, साबण, हलक्या हाताने चोळणं. वाळल्यावर जराशी फुगली होती, पण पांढरी शुभ्र. मी तर खूश. यांना दाखवून शाबासकीही घेतली.

आज सकाळी वारा फिरला आणि धूर पुन्हा दाटला. यंत्र घरघरत होतं आणि दिवा लाल. मला वाटलं, पट्टी कुठे तरी सुटली. मी फटी तपासत बसले आणि वन्संचा श्वास शिटीसारखा वाजायला लागला. ओठ निळसर झाले. यांनी फवाऱ्याचं औषध दिलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, यंत्राच्या जाळीला काही केलंत का? मी म्हटलं, धुतली.  त्या म्हणाल्या, "ती कागदासारखी असते, बाई. धुतली की संपली."

 शहरात नवी जाळी कुठे मिळेना. सगळ्यांनाच हवी. शेवटी वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करणाऱ्याकडे जाड चौकोनी जाळ्या होत्या, त्या हे नाक-तोंड बांधून घेऊन आले. चार जाळ्यांचा खोका करायचा, वर घरातला चौकोनी पंखा बसवायचा, असं त्यानेच सांगितलं. चिकटपट्टी नीट बसेना. मग मी कॅनव्हासचं झाकण शिवलं, चारही कडांवरून ताणून, कुठे फट म्हणून नाही. एवढ्या वेगाने मी लग्नसराईतही शिवलं नव्हतं.

संध्याकाळी दिवा पिवळा झाला, मग हिरवा. वन्संचा श्वास शांत झाला. मी पलंगाशेजारी जमिनीवरच होते. म्हटलं, "वन्सं, माझ्यामुळे झालं हे. मी जाळी धुतली."

 मला वाटलं, आता येतंय. त्या म्हणाल्या, "आमची आई असती... तर तिने उकळून धुतली असती."

मी तोंड फिरवून रडून घेतलं. हे म्हणाले, अजगरही ओला होईल, बास कर.

शुक्रवार

धूर विरळ होतोय. बेकरीची पाटी पुन्हा दिसायला लागली. वन्सं आता न थांबता अख्खं वाक्य बोलतात, म्हणजे आता मला अख्खी वाक्यं ऐकावी लागतात. पडद्याची दुमड एक बोट जास्त हवी होती म्हणे. मी उसवून बघितलं. हवी होती.

चहा मीच केला. पिऊन झाल्यावर कप पुढे केला. "अजून आहे का?"

एवढंच. पण मी यांना झोपेतून उठवून सांगितलं. दुपारची झोप होती, तरी चिडले.

मंगळवार

बाहेर हवा छान वाटते. तळमजल्यावरचा अग्निशमन दलातला मुलगा काल घरी आला, म्हणाला, डोंगरावरची आग आटोक्यात आलीय, आता नुसते ओंडके धुमसताहेत. मी खिडकीच्या पट्ट्या काढल्या, खिडकी उघडली. वन्संनी मोजणीचं यंत्र स्वतःच्या उशाशी मागून घेतलं. "माझं मला दिसायला बरं." गंमत म्हणजे सकाळी मी स्वयंपाकघरात असताना दिवा लाल झाला. आत गेले तर वन्सं यंत्राकडे बघत बसलेल्या. "अरेरे," म्हणाल्या. "आज काही जाणं होत नाही बघ."

"बारीक धूर दिसत नाही," मी म्हटलं.

"नाहीच दिसत," त्या म्हणाल्या.

आज नाही तर उद्या. माझी घाई नाही. बटाटे दोन जास्त टाकले.

गुरुवार

सकाळी पुन्हा लाल. दुपारी हिरवा होतो, पण अट दिवसभराची आहे. मला कळत नाही, धूर सकाळीच कुठून येतो? शहराच्या फलकावर हवा चांगली दाखवतात, पण त्यांचं यंत्र नदीपलीकडे बसवलंय, त्यांना आमच्या गल्लीचं काय कळणार.

मोजणीचं यंत्र पुसताना त्याच्या जाळीवर पांढरी पूड दिसली. माझ्याच शिवणाच्या खडूची असणार, मी शेजारी बसून खुणा करते ना. खडूचा डबा पुढच्या खोलीत नेऊन ठेवला. माझा हलगर्जीपणा त्यांना भोवायला नको.

हे बाजारातून पावडरचा डबा घेऊन आले. म्हटलं, कुणाला? तर म्हणाले, दाढीनंतर लावायला. यांना गेली कित्येक वर्षं छातीपर्यंत दाढी आहे. म्हातारपणी काय काय सुचेल सांगता येत नाही.

शनिवार

खडू हलवूनही सकाळी लाल. वन्सं "अरेरे" म्हणाल्या. आवाज आता इतका खणखणीत झालाय की "अरेरे"सुद्धा आनंदाची बातमी वाटते.

दुपारी मी त्यांना वाचून दाखवायला सांगितलं, तर त्यांनी पेपरातल्या बातम्या स्टेशनच्या थाटात वाचल्या. खालचा शिंपी मान वर करून बघायला लागला. मग मला एप्रनला धरून बसवलं आणि साहेबांच्या टोपाची गोष्ट परत सांगितली. मी परत हसले. दुसऱ्यांदा ऐकतेय हे सांगावंसं वाटलं नाही.

सोमवार

आज सकाळपासून हिरवा. नऊ वाजले, दहा वाजले, हिरवाच. वन्सं कपाटाचं दार उघडून उगाच कपडे चाचपत होत्या. माझं शिवणात लक्ष लागेना, शिलाई दोनदा वाकडी गेली.

त्यात नेमका माझा टोस्ट जळला. तव्यावर विसरलेच. खोलीचं दार कसं उघडं राहिलं आणि पडदा बाजूला कुणी बांधून ठेवला होता, कोण जाणे. अजगरही जागेवर नव्हता. दिवा टचकन लाल. सगळ्या घरात करपल्याचा वास आणि हे दारात उभे, माझ्याकडे बघताहेत, दाढीतल्या दाढीत हसत.

"काय हसताय? माणसाच्या हातून चुकतं एखाद वेळी."

"चुकतं, चुकतं," हे म्हणाले. "या घरात सगळ्यांच्याच हातून चुकतंय हल्ली."

यांचं बोलणं मला कधी कधी समजत नाही. वन्संनी मात्र जळका टोस्ट मागून घेतला आणि चहाबरोबर खाल्ला. म्हणाल्या, "चांगला आहे." बरा नाही. चांगला.

बुधवार

हे आज अंथरुणावर. कंबर धरलीय, बाजारात जाणं बंद. डॉक्टरीणबाई आल्या, यांना मलम दिलं आणि वन्संची छाती तपासली. म्हणाल्या, छान सुधारणा आहे, आता अट पूर्ण झाली की मोकळ्या. मी म्हटलं, सकाळी सकाळी लाल होतो हो अजून. त्यांनी यंत्र हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, माझ्याकडे बघितलं, वन्संकडे बघितलं आणि परत ठेवलं. "मग थांबा की," एवढंच म्हणाल्या आणि जाताना जिन्यात हसत होत्या. ही हल्लीची मुलं.

गुरुवार

आज दिवा दिवसभर हिरवा होता.

सकाळी हिरवा, दुपारी हिरवा, सगळ्या खिडक्या उघड्या आणि हिरवा. टोस्ट जाळायला गेले तर ब्रेडच संपला होता. चार वाजता वन्संनी बॅग पलंगावर काढली. "अट म्हणजे अट," म्हणाल्या. माझ्याकडे न बघता. मी म्हटलं, "हो, अर्थातच," आणि घड्या घालायला मदत करायला लागले. माझ्या तोंडाला काय झालंय? जन्मभर गिऱ्हाइकांशी तोंडाचा पट्टा चालवला आणि आज "राहा" हा एवढासा शब्द निघेना. त्याही एकेक कपडा असा ठेवत होत्या, जसा काही काचेचा आहे. डोळ्यांसमोर सारखं ते स्वयंपाकघर येत होतं, जमिनीवर बसलेल्या त्या आणि टेबलावरचा फोन.

केराची टोपली रिकामी करायला नेली. खाली, जुन्या पेपरांत नीट गुंडाळलेले पावडरचे डबे. एक नाही, तीन, तिन्ही रिकामे. यांचा दाढीवालाही त्यातच. एकात बोट फिरवलं. खडू बोटाला कोरडा लागतो, खरखरतो. हे मऊ, सरकणारं. मोजणीच्या यंत्रावर होतं तेच. आणि वास तान्ह्या बाळाच्या दुपट्याचा.

मी जिन्यातच बसले. हसू आवरेना. सगळ्यांना ठाऊक होतं. यांना, डॉक्टरीणबाईंना, बहुतेक अजगरालाही. मी तेवढी खडू हलवत बसले होते! आणि त्या रोज सकाळी आंघोळ करून, दार लावून, त्या यंत्राला थपाथप पावडर फासत होत्या. आमच्या "बऱ्या" चहासाठी.

टोपली तिथेच टाकली आणि तशीच एप्रनवर दुकानात गेले. सगळ्यांत मोठा डबा कुठला, म्हणून विचारलं. दुकानदार म्हणाला, हा तर पाळणाघरवाले नेतात. म्हटलं, तोच द्या.

वन्सं बॅगेची चेन लावत होत्या.  मी डबा त्यांच्या उशाशी, मोजणीच्या यंत्राला चिकटून ठेवला.

त्यांनी डब्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"केवढा मोठा आणलास गं," हळूच म्हणाल्या. "हा संपायला..."

"संपू दे सावकाश," मी म्हटलं. "घाई कुणाला आहे?"

आणि चहा टाकायला निघून आले, कारण अजून थोडं थांबले असते तर दोघींचंही काही खरं नव्हतं. पाणी उकळायला लागलं. खोलीतून थपथप, थपथप. आणि मग तो आवाज, भरदार, एका श्वासात, गॅलरी ओलांडून पार बेकरीपर्यंत:

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दिवा लाल झाला असल्यामुळे आजची गाडी रद्द करण्यात आली आहे."

आतल्या खोलीतून, कंबर धरलेल्या माणसाने टाळ्या वाजवल्या. समोर बेकरीवाला दारात येऊन वर बघायला लागला. सगळ्या घरात मोकळा, स्वच्छ वारा खेळत होता.

मी चहात एक कप पाणी वाढवलं.